फुगणाऱ्या आतड्यांचा दिवस

सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे अंगातले स्राव घट्ट आणि चिकट करणारा आनुवंशिक आजार, म्हटलं की डॉक्टर मंडळींनाही आधी फुप्फुसं आठवतात: चिकट कफ, पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, ठाण मांडून बसलेले स्यूडोमोनास जिवाणू. मी या आजाराकडे पोटाच्या वाटेने आले आणि तिथेच रमले. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला, आमच्या प्रयोगशाळेत, रुग्णाच्या गुदाशयातून घेतलेल्या दोन-तीन मिलिमीटरच्या तुकड्यांतून आम्ही सूक्ष्म आतडी वाढवतो. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. २००९ मध्ये याच शहरात हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने उंदराच्या एका मूळपेशीपासून असं आतडं वाढवून दाखवलं होतं. २०१३ मध्ये इथल्याच संशोधकांनी ही पद्धत सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांसाठी वापरली. मी आले तेव्हा या पद्धतीची घडी नीट बसलेली होती.

२०२२ च्या हिवाळ्यात एक नमुना आला. नाव नाही, फक्त क्रमांक. इथे तसाच नियम आहे. सोबतच्या माहितीत आठ वर्षांचं मूल, या आजाराला कारण ठरणाऱ्या सीएफटीआर जनुकातले दोन्ही बदल दुर्मिळ, स्वादुपिंड जवळजवळ निकामी, प्रत्येक जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल आणि तरीही न वाढणारं वजन. कुटुंब मूळचं भारतीय उपखंडातलं आहे, एवढं त्या मुलाच्या डॉक्टरांनी मुद्दाम कळवलं होतं.

कळवण्याचं कारण असं. युरोपातल्या बहुसंख्य रुग्णांमध्ये एक ठरावीक बदल सापडतो: क्लोराइडला पेशीबाहेर सोडणारं द्वार म्हणजे सीएफटीआर, त्या १४८० अमिनो आम्लांच्या प्रथिनातलं ५०८ व्या जागेवरचं एक आम्ल गळालेलं असतं. औषधं घडली ती याच बदलाला समोर ठेवून. तीन औषधांची एकत्रित गोळी त्या वेळी युरोपात फक्त असा निदान एक बदल असणाऱ्यांनाच मंजूर होती. आपल्याकडच्या रुग्णांमध्ये या बदलाचं प्रमाण बरंच कमी आणि दुर्मिळ बदलांचं जास्त. जनुकात आजवर दोन हजारांहून जास्त बदल नोंदले गेलेत. जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच रुग्ण असलेल्या बदलासाठी औषधाची मोठी चाचणी कोण आणि कशी घेणार? तेवढी माणसंच मिळत नाहीत. म्हणून त्या मुलाच्या पेशींनाच विचारायचं.

मुंबईत बालरोग विभागात शिकत असताना मी अशी मुलं पाहिली होती. काड्यांसारखे हातपाय, पुढे आलेलं पोट, तेलकट, भांड्याला चिकटणारी, घाण वास मारणारी शी. त्यांच्या फायली जाडजूड असत. आधी क्षयाची औषधं, मग सीलिअॅक, म्हणजे गव्हाने आतडं बिघडण्याचा आजार, समजून गहू बंद. एका आईने सांगितलेलं कधीच विसरले नाही: "मॅडम, याची पापी घेतली की खारट लागतं." निदान तिच्या त्या एका वाक्यात होतं. न्यूयॉर्कमध्ये डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये हा आजार वेगळा ओळखला, तोही सीलिअॅक म्हणून दगावलेल्या मुलांची स्वादुपिंडं तपासताना. घाम खारट असतो हे १९५३ साली पॉल दी सांत'अॅग्नीज यांनी दाखवलं. त्याआधी १९४८ च्या उन्हाच्या लाटेत हीच मुलं मीठ कमी होऊन कोसळत होती, त्यावरून त्यांना वाट सापडली. मे महिन्यात आपल्याकडे असं गळून गेलेलं मूल आलं की सलाइन लावून घरी पाठवतात. घामाची चाचणी करायचं मनात येत नाही, कारण 'हा गोऱ्यांचा आजार' असं पक्कं डोक्यात बसलेलं असतं. मनगटाजवळ घाम आणणारं पिलोकार्पिन, सौम्य विद्युतप्रवाह, अर्धा तास घाम गोळा करणं. क्लोराइड लिटरमागे ६० मिलीमोल किंवा जास्त आलं की शंका जवळपास संपते.

असो. नमुना आल्यावर तुकड्यांमधल्या पेशींचे सूक्ष्म खड्डे वेगळे केले, जेलच्या थेंबांत रुजवले आणि काही आठवडे रोज पोसले. हे काम कंटाळवाणं असतं, पण हात सैल सोडून चालत नाही. मोजणीच्या आदल्या संध्याकाळी ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये ऑर्गनॉइड मांडले. निम्म्या खळग्यांत प्रथिन नीट घडवायला आणि पेशीच्या पडद्यापर्यंत पोचवायला मदत करणारी, त्या गोळीतली दोन औषधं घातली, कारण त्यांना रात्रभराचा वेळ लागतो. उरलेल्यांत नुसता द्रावक.

सकाळी हिरवा रंग देऊन प्लेट कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ३७ अंशांची पेटी बंद केली. शेवटी दोन गोष्टी घालायच्या होत्या: द्वार उघडून धरणारं तिसरं औषध, आणि फोर्सकोलिन. फोर्सकोलिनने पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, सीएफटीआरचं द्वार उघडतं, क्लोराइड बाहेर पडतं, त्यामागे पाणी येतं आणि ते आतल्या पोकळीत साठून आतडं फुगतं. द्वारच नसेल तर काही होत नाही. हे फोर्सकोलिन आपल्याकडच्या माईनमुळ्यात असतं, ज्याचं लोणचं घालतात. १९७० च्या दशकात हेक्स्ट या औषधकंपनीच्या मुलुंडच्या संशोधन केंद्रातल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेवर काम केलं. उट्रेख्तच्या थंडीत पिपेट हातात घेतलं की मला त्याचा फार आधार वाटतो.

दर दहा मिनिटांनी एक चित्र, एक तास. पहिली वीस मिनिटं दोन्ही बाजूंच्या खळग्यांत काहीच हललं नाही. माझी सहकारी कॉफी आणायला गेली. तिसाव्या मिनिटाच्या चित्रात औषध घातलेल्या खळग्यातल्या एका आतड्याची कड गोल झाल्यासारखी वाटली. वाटणं आणि असणं यात फरक असतो, म्हणून गप्प बसले. चाळिसाव्या मिनिटाला मात्र शंकेला जागा राहिली नाही. सुरकुतलेले, जाड भिंतींचे गोळे तेलात सोडलेल्या पुरीसारखे फुगत होते, भिंती पातळ होत होत्या, आतली काळी पोकळी वाढत होती. शेजारच्या खळग्यांत त्याच मुलाची, औषध न मिळालेली आतडी जशीच्या तशी. मी सहकाऱ्याला हाक मारली, "लवकर ये, बघ हे." ती कप टेबलावर ठेवून माझ्या खांद्याशी उभी राहिली आणि आम्ही उरलेली चित्रं एकमेकींशी न बोलता पाहिली.

आनंद पोटात ठेवून तपासण्या केल्या. सीएफटीआर रोखणारं रसायन घातलेल्या खळग्यांत फुगणं थांबलं होतं, म्हणजे जे घडलं ते त्याच द्वारातून. नंतर वेगळ्या दिवशी, वेगळ्या पिढीच्या ऑर्गनॉइडवर प्रयोग पुन्हा केला. आलेख तसाच चढला. ज्यांना या गोळीचा फायदा झालाय अशा रुग्णांच्या आतड्यांइतका नाही, पण त्यांच्या पंगतीत बसेल इतका.

अहवाल गेला तसा डॉक्टरांचा फोन आला. मंजुरीबाहेरच्या वापरासाठी अर्ज करायला तो जोडता येणार होता. ही गोळी अमेरिकेत २०१९ मध्ये आली तेव्हा वर्षाची किंमत तीन लाख डॉलरहून जास्त लावली होती. एवढे पैसे कुणी 'करून बघू' म्हणून देत नाही, पुरावा लागतो. मला राहून राहून मुंबईतल्या त्या फायली आठवत होत्या. तिथल्या मुलांचे बदल कुठल्या यादीत नाहीत, त्यांच्या पेशींना कुणी विचारलेलं नाही, आणि उत्तर 'हो' आलं तरी ही गोळी त्यांच्या आईबापांच्या आवाक्यात नाही. याचा मला राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं: स्वादुपिंड परत काम करू लागेल का? मी म्हटलं, आतड्याच्या प्लेटवरून ते सांगता येत नाही. बायकार्बोनेट अडल्याने तिथल्या नळ्या आईच्या पोटातच तुंबायला लागतात, एन्झाइम आतल्या आत ग्रंथीलाच पचवतात आणि तिथे तंतू भरतात. एक-दोन वर्षांच्या मुलांना आयव्हाकॅफ्टर (गोळीतलं तेच तिसरं औषध) दिल्यावर काहींच्या शौचातलं इलास्टेज, म्हणजे स्वादुपिंडातून येणारं एन्झाइम, वाढल्याचं दिसलंय, पण हे मूल आठ वर्षांचं. प्रति ग्रॅम २०० मायक्रोग्रॅमच्या खाली म्हणजे अपुरं, १०० च्या खाली म्हणजे फारच अपुरं; याचं त्याहून कितीतरी कमी होतं. तेव्हा एन्झाइमच्या कॅप्सूल आणि ए, डी, ई, के जीवनसत्त्वं चालूच ठेवायची, गोळी मिळाली तर सुरू करण्याआधी शौचाचा एक नमुना घ्यायचा, तीन महिन्यांनी दुसरा, आणि दोन्ही एकाच दिवशी तपासायचे असं ठरलं.