वृषभ मेघातल्या तरुण जोडताऱ्यांची यादी: माझा अनुभव

ताऱ्यांची स्थानं मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या डीआर3 संचातून (तिसऱ्या माहितीसंचातून) वृषभ राशीतल्या रेण्वीय मेघातले, म्हणजे तारे जन्मतात त्या वायू-धुळीच्या ढगातले, जोडतारे वेगळे काढायचे, हे काम मी टॉपकॅट या तक्ते हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलं. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्फ्रारेड पाहण्यांत इथल्या तरुण ताऱ्यांना जोडीदार असण्याचं प्रमाण सूर्याच्या शेजारातल्या ताऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघालं होतं. त्यामुळे इथे गाळलेली प्रत्येक जोडी महाग पडते.

मेघ साधारण 130 ते 200 पार्सेकवर (एक पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षं) पसरलेला आहे, म्हणून मेघाच्या ज्ञात सदस्य ताऱ्यांसाठी पॅरलॅक्स, म्हणजे ज्यावरून अंतर कळतं ते ताऱ्याचं वार्षिक भासमान सरकणं, 5 ते 8 मिलिआर्कसेकंद ठेवला (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग, मिलिआर्कसेकंद त्याचा हजारावा). मग प्रत्येक सदस्याभोवती 10 आर्कसेकंदांत, म्हणजे 140 पार्सेकवर 1400 खगोलीय एककांत (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), गायाला दिसलेलं सगळं गोळा केलं. सदस्यांची जुनी यादी 2000 सालच्या स्थानांची असेल तर आधी ती गायाच्या स्थानांच्या वेळेवर, म्हणजे 2016.0 वर (2016 च्या सुरुवातीवर) आणावी. सोळा वर्षांत तारे साधारण एक तृतीयांश आर्कसेकंद सरकलेले असतात आणि जवळच्या जोडीत भलताच घटक जुळतो.

खरी मेख निजगतीत, म्हणजे तारा आकाशात दरवर्षी किती सरकतो त्यात, आहे. दोघांची निजगती अगदी सारखी हवी, अशी अट घातली की खऱ्या जोड्याच गळून जातात, कारण दोघं एकमेकांभोवती फिरत असतात. एकूण एक सौर वस्तुमान आणि दोघांमध्ये 200 खगोलीय एकक अंतर धरा: कक्षीय वेग सेकंदाला सुमारे 2.1 किलोमीटर येतो, म्हणजे 140 पार्सेकवर वर्षाला 3 मिलिआर्कसेकंदांपेक्षा जास्त. 1000 एककांवर तो दीड मिलिआर्कसेकंदांच्या आत उतरतो. म्हणून मी सरसकट एक मर्यादा न ठेवता जोडीतल्या अंतरानुसार मुक्तिवेग (ज्याच्या पुढे जोडी बांधलेली राहत नाही तो वेग) काढला, म्हणजे कक्षीय वेगाच्या 1.4 पट, आणि त्यात मोजमापाची त्रुटी मिळवली.

आरयूडब्ल्यूई, म्हणजे गायाची मोजमापं एकट्या ताऱ्याच्या गणिताशी किती कमी जुळतात ते सांगणारा आकडा, 1.4 च्या वर गेला की नोंद टाकून द्यायची, ही सवयही इथे नडते. तो आकडा न सुटलेल्या जोडीदारामुळे वाढतो, तसाच ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीमुळेही वाढतो. अशा नोंदी मी वेगळ्या रकान्यात ठेवल्या आणि प्रकाशाची एकापेक्षा जास्त शिखरं दिसलेल्या गायाच्या प्रतिमांची टक्केवारी शेजारी लावली. टक्केवारी मोठी असेल तर जोडीदाराचा संशय बळावतो.

दोन आर्कसेकंदांच्या आतल्या जोडीचे निळे-लाल रंग वयासाठी वापरू नयेत, कारण त्या मोजणीच्या चौकटीत दोघांचा प्रकाश मिसळतो. शिवाय जोडीतल्या धाकट्या ताऱ्याची तबकडी कडेने दिसत असेल तर तो मंद दिसतो आणि रंग-तेजाच्या आलेखावर खोटाच म्हातारा ठरतो. याच मेघातल्या एचके टॉरी जोडीतला धाकटा, एचके टॉरी बी, तसाच आहे: थोरल्यापासून 2.4 आर्कसेकंदांवर, आणि अल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या संचाच्या निरीक्षणांत दोघांच्या तबकड्या एकमेकींशी 60 अंशांहून जास्त कललेल्या निघाल्या.

काही घटक गायाला दिसतच नाहीत. याच मेघातल्या टी टॉरी या तरुण ताऱ्याचा दक्षिणेकडचा जोडीदार 1982 मध्ये इन्फ्रारेडमध्ये सापडला, अवघ्या 0.7 आर्कसेकंदांवर, आणि पुढे तोही दुहेरी निघाला. म्हणून यादीत ‘एकटा’ असा शेरा मी ठेवलाच नाही. ‘गायात जोडीदार नाही’ असं लिहिलं आणि पुढच्या रकान्यात त्या ताऱ्याची इन्फ्रारेड तपासणी झाली आहे की नाही, ते नोंदवलं.