शेतात माणूस नाही

आज दांडिया बाजारात शेजारच्या काकू बालीचे फोटो दाखवताना कौतुकाने म्हणाल्या, "एवढी भातशेती, पण शेतात माणूस एकही नाही, म्हणून फोटो किती छान आले बघ!" फोटोत व्हिलाचा तरणतलाव होता आणि त्याला लागूनच भाताची खाचरे सुरू होत होती.

काकूंच्या आनंदावर विरजण घालवेना, पण ते वाक्य मनात सलत राहिले. कोणत्या खाचराला केव्हा आणि किती पाणी सोडायचे, हे बालीतील शेतकरी देवळांच्या आधाराने शतकानुशतके एकत्र ठरवत आले आहेत. 'सुबक' नावाच्या या व्यवस्थेला युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशात स्थान दिले. आणि त्याच हिरवाईच्या ओढीने उभी राहिलेली हॉटेले व व्हिला तिथली शेतजमीन आणि भूजल गिळत आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांकडून १,५०,००० रुपियांचे (रुपिया हे इंडोनेशियाचे चलन) शुल्क घेतले जाते. आकडा भारदस्त वाटला, तरी ते एका बऱ्या जेवणाचे पैसे आहेत.

जमीन भाड्याने दिलेल्या शेतकऱ्याचा मुलगा त्याच व्हिलात खोल्या झाडत असेल, तर त्याला रोजगार मिळाला म्हणायचे, की त्याची शेती गेली म्हणायचे?