थांबलं की जग थांबतं

केसपेपरवर दोनच ओळी होत्या. 'चालताना तोल जातो, पडण्याची भीती. सर्व तपासण्या नॉर्मल. चालण्याचा सराव द्यावा.' फिजिओथेरपीकडे असा कागद आला की त्याचा अर्थ बहुतेकदा एवढाच असतो, की आम्हाला काही सापडलं नाही, आता तुम्ही बघा.

रुग्ण पन्नाशी ओलांडलेले, घड्याळं दुरुस्त करणारे. काकूंचा दंड धरून ते कॉरिडॉरमधून येत होते तेव्हाच मी त्यांना न्याहाळायला सुरुवात केली. दारातून आत येईपर्यंत माणूस जेवढं सांगतो तेवढं खुर्चीत बसल्यावर सांगत नाही, असा माझा अनुभव आहे. पाय फाकलेले, नजर फरशीवर, मान ताठ. वळताना आपलं डोकं आधी वळतं आणि धड मागून येतं. यांचं डोकं, खांदे, कंबर सगळं एकदम वळलं. हे मी मनात टिपून ठेवलं.

खुर्चीत टेकले आणि चेहराच बदलला.

"बसलो की मी ठणठणीत," ते म्हणाले. "दिवसभर काम करतो. एक स्क्रू इकडचा तिकडे होत नाही."

"पण अंधार झाला की भिंत सोडत नाहीत," काकू म्हणाल्या. "तोंड धुताना डोळे मिटले तरी कलंडतात. बाहेर पडायचं म्हटलं की नको. सगळे म्हणतात, मनाने घेतलंय. मलाही आता तसंच वाटायला लागलंय."

मी विचारलं, चक्कर येते का?

"एकदाही नाही. गरगरणं वगैरे काही नाही. पण चालायला लागलो की समोरचं सगळं हिंदकळतं. येणाऱ्याचा चेहरा ओळखू येत नाही, पाटीवरची अक्षरं लागत नाहीत. थांबलो की सगळं जागच्या जागी." मग काकूंकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "अजून एक आहे. कुणाला बोललो नाही. डोळ्याला भिंग लावलं की चाक हलतं. आधी वाटलं टेबल डुगडुगतंय. मग मनगटावर बोट ठेवून बघितलं, तर ते नाडीबरोबर हलत होतं. आता हनुवटी टेबलाला टेकवून काम करतो. मग हलत नाही."

माझं लिहिणं थांबलं. हे वर्णन मी आधी वाचलेलं होतं. क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसीन, १९४३ मध्ये सापडलं. पुढे ते घेतलेल्या एका डॉक्टरने १९५२ साली स्वतःची हकिगत लिहून प्रसिद्ध केली. क्षय आटोक्यात आला, पण कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा गेली. पलंगावर पडून वाचताना त्याला पानावरची अक्षरं नाडीच्या ठोक्यागणिक उडताना दिसत. म्हणून तो पलंगाच्या उशाकडच्या दोन गजांमध्ये डोकं पक्कं धरून वाचायचा. तो डॉक्टर असल्यामुळे त्याचं म्हणणं छापून आलं. आमचे काका मात्र 'मनाने घेतलंय' या सदरात गेले होते.

तरीही एका वाक्यावरून निदान करायचं नसतं. मी क्रमाने तपासायला लागले.

आधी लहान मेंदू. डोक्याच्या मागच्या, खालच्या भागात असतो. वजनाने सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्शाइतका, पण मेंदूतल्या निम्म्याहून जास्त चेतापेशी त्याच्यात दाटलेल्या असतात. ठरवलेली हालचाल आणि प्रत्यक्ष होत असलेली हालचाल यांचा मेळ तो घालत राहतो. तो बिघडला की बोट नाकाशी न थांबता पुढे जातं आणि लक्ष्याजवळ येताना जास्त थरथरतं. काकांना मी स्वतःचं नाक, मग माझं बोट, पुन्हा नाक असं भरभर करायला सांगितलं. माझं बोट दर वेळी जागा बदलत होतं. एकही चूक नाही. टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून खाली सरकवणं, तळहात पालथा-उताणा आपटणं, सगळं इतकं नेमकं की मला क्षणभर माझ्याच हातांची लाज वाटली. आयुष्यभर चिमट्याने काम केलेला माणूस.

मग पायांच्या नसा. डोळे मिटायला लावून अंगठा वर-खाली केला. किंचित हलवला तरी दिशा बरोबर सांगितली. घोट्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवला, कंप थांबल्याचं वेळेवर सांगितलं. म्हणजे पावलांकडून पाठीच्या कण्यातून वर जाणारा निरोप शाबूत होता. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असलेली माणसंही तोंड धुताना अशीच पडतात, म्हणून हे बघणं गरजेचं होतं.

आता उभं राहणं. पाय जुळवून, कठीण फरशीवर, डोळे मिटून. थोडे डोलले, पण उभे राहिले. याआधी ज्यांनी कुणी तपासलं असेल ते बहुधा इथेच थांबले असावेत, आणि त्यात फारसं नवल नाही. उजेडात, घट्ट सपाट जमिनीवर उभा असलेला निरोगी माणूस तोलासाठी साधारण ७० टक्के भरवसा पावलं-सांध्यांच्या संवेदनेवर ठेवतो, २० टक्के कानावर आणि जेमतेम १० टक्के डोळ्यांवर. फरशीवर काकांचे पाय एकटेच निभावून नेत होते.

म्हणून मी जाड फोमची गादी काढली. फोमवर घोटे कलले तरी शरीर कललं असेलच असं नाही, त्यामुळे पायांच्या निरोपावर विसंबता येत नाही. डोळे मिटले की उजेडाचाही उपयोग नाही. उरतो फक्त कान. मी मागे उभी राहिले, हात त्यांच्या पाठीपासून चार बोटं दूर ठेवले, आणि म्हटलं, "मिटा डोळे."

दोन-तीन सेकंदांत ते मागे आले. हात सावरायला उचललेच गेले नाहीत, पाऊल मागे पडलं नाही. सगळा भार माझ्या हातांवर.

"का धरलंत?" त्यांनी डोळे उघडून विचारलं. "मी उभाच होतो की."

इतक्या वर्षांत मी बरीच पडणारी माणसं धरली आहेत. घाबरलेला माणूस पडण्याच्या आधीच धडपडतो, हात पसरतो, काहीतरी घट्ट पकडतो. हे काका पडत होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. केसपेपरवरची ती 'भीती' मला तिथे पटली. पडतोय हे जमिनीवर आदळल्यावरच कळत असेल तर कुणीही घाबरेल.

पुढची चाचणी अर्ध्या मिनिटाची. हॅल्मागी आणि कर्थॉय्स यांनी १९८८ मध्ये तिचं वर्णन केलं, आणि तिला दोन हातांशिवाय काही लागत नाही. मी समोर बसले, त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि सांगितलं, काहीही झालं तरी नजर माझ्या नाकावरून हलवायची नाही. मग एक छोटा, अचानक झटका उजवीकडे. निरोगी माणसाचे डोळे नाकाला चिकटून राहतात. काकांचे डोळे डोक्याबरोबर वाहून गेले आणि मग उडी मारून परत आले. डावीकडे झटका दिला, तेच. पुन्हा उजवीकडे, पुन्हा तेच.

दोन्ही कान गेले होते. ऐकण्याचे नव्हे, ते उत्तम होते. तोलाचे.

काकूंना हे कसं सांगावं असा प्रश्न होता, कारण 'कान गेले' म्हटल्यावर त्या म्हणाल्या असत्या, यांना तर भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. मी केसपेपर त्यांच्या हातात दिला. "काकू, हा कागद डोळ्यांसमोर धरून भरभर डावी-उजवीकडे हलवा आणि वाचा." त्यांना वाचता आलं नाही. "आता कागद स्थिर ठेवा आणि डोकं तेवढ्याच वेगाने 'नाही नाही' म्हणताना हलवतो तसं हलवा." त्यांनी सगळं घडाघडा वाचलं. मग त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटून पुन्हा करून पाहिलं. (तुम्हीही करून बघा. रोज तपासणारी मी, तरी मला अजून गंमत वाटते.)

कागद हलतो तेव्हा डोळ्यांना तो बघून त्याच्या मागे धावावं लागतं, आणि त्यात सुमारे दशांश सेकंद जातो. डोकं हलतं तेव्हा कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका ती हालचाल पकडतात आणि अवघ्या तीन चेतापेशींच्या साखळीतून डोळ्यांच्या स्नायूंना उलट दिशेने वळायचा हुकूम जातो. वेळ लागतो साधारण दहा मिलिसेकंद. चालताना प्रत्येक पावलाला डोकं हलतं, नाडीच्या ठोक्यालाही अगदी सूक्ष्म हलतं, पण या व्यवस्थेमुळे आपल्याला ते कधी जाणवत नाही.

मग कागद काकांना दिला. डोकं स्थिर असताना त्यांनी चष्म्यातून सगळं वाचलं. डोकं हलवल्यावर एक शब्द लागला नाही. भिंतीवरच्या अक्षरतक्त्यावरही बघितलं. मेट्रोनोमच्या ठोक्यावर, सेकंदाला दोन फेऱ्या अशा गतीने डोकं हलवलं तर पाच ओळी गेल्या. दोनपेक्षा जास्त ओळी जाणं हेच बिघाडाचं लक्षण मानतात.

काकू काही वेळ गप्प होत्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "म्हणजे रस्त्यात मी समोरून हात केला तेव्हा खरंच दिसले नव्हते?"

"मी तेच सांगत होतो ना," काका म्हणाले. दोघांत यावरून बरंच काही होऊन गेलं असावं. मी लिहिण्यात डोकं घातलं.

चक्कर का नाही, हे त्यांना समजून घ्यायचंच होतं. आपण शांत बसलेलो असतानाही दोन्ही कान मेंदूला सतत संदेश पाठवत असतात. डोकं वळलं की एका बाजूचे वाढतात, दुसऱ्या बाजूचे घटतात, आणि मेंदू तो फरक वाचतो. एकच कान अचानक गेला तर डोकं स्थिर असूनही फरक पडतो, आणि जग गरगरतं. दोन्ही सारखेच ओसरले तर फरकच नाही, म्हणून गरगरणंही नाही. रुग्ण 'चक्कर नाही' म्हणतो आणि कानाचा विचार तिथेच सुटतो. एमआरआयमध्येही यातलं काही दिसत नाही.

ते ऐकून काका म्हणाले, "पूर्वी जहाजावरचं घड्याळ पितळी कड्यांमध्ये टांगलेलं असायचं. जहाज कितीही कललं तरी घड्याळ सपाट राहायचं. माझी ती कडीच निखळली म्हणा की." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. मीही सांगितलं की आपल्या कानातही कडीच असते, एकेका बाजूला तीन, एकमेकींना जवळजवळ काटकोनात, व्यास साधारण सहा-सात मिलिमीटर. "तीन? सहा मिलिमीटरमध्ये?" ते पुढे झुकले. आजारापेक्षा त्यांना त्या मापाचं कौतुक जास्त.

राहिला प्रश्न हे झालं कशाने. काही महिन्यांपूर्वी जंतुसंसर्ग रक्तात पसरून ते दवाखान्यात दाखल होते, मूत्रपिंडांवरही ताण आला होता. जुने कागद काकूंच्या पिशवीत होते. जेंटामायसीन हे प्रतिजैविक, सलग दोन आठवड्यांहून जास्त. घरी गेल्यावर काही दिवसांनी हिंदकळणं सुरू झालं होतं, त्यामुळे कुणीच दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या. हे औषध स्ट्रेप्टोमायसीनच्याच कुळातलं. ते ऐकण्यापेक्षा तोलाच्या केसपेशींना, म्हणजे कानात हालचाल टिपणाऱ्या पेशींना, जास्त मारतं, औषध थांबवल्यानंतरही परिणाम उमटू शकतो, आणि मूत्रपिंडं मंदावली असली की ते शरीरात रेंगाळतं. रक्तातलं प्रमाण मर्यादेत असतानाही असं होऊ शकतं. ज्यांनी ते दिलं त्यांनी जीव वाचवायला दिलं आणि जीव वाचला, हेही मी काकांना स्पष्ट सांगितलं. पण कोर्स लांबला की रुग्णाला डोकं हलवत तक्ता वाचायला लावणं काही अवघड नाही, आणि ते होत नाही याचा मला राग येतो.

मी त्यांना कान-नाक-घसा विभागाकडे पाठवलं. तिथे कानात ३० आणि मग ४४ अंशांचं पाणी सोडून बघतात. तापमानामुळे नलिकेतला द्रव सरकतो आणि निरोगी माणसाचे डोळे झटके देऊ लागतात. ही चाचणी रॉबर्ट बारानी यांची. त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं, पण बातमी कळली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. काकांच्या कानात पाणी गेलं आणि डोळे ढिम्म. "नुसतं गार वाटलं," ते परत येऊन म्हणाले.

सस्तन प्राण्यांमध्ये या केसपेशी मेल्या की कामापुरत्या परत येत नाहीत. पक्ष्यांमध्ये येतात. त्यामुळे आमचं काम दुरुस्तीचं नव्हतं, जे उरलंय त्याला जास्त जबाबदारी घ्यायला शिकवण्याचं होतं. भिंतीवरच्या अक्षरावर नजर ठेवून डोकं आधी हळू, मग जलद हलवणं. मान ताठ ठेवायची सवय मोडणं, कारण ती सवय सोयीची असली तरी मेंदूला काहीच शिकू देत नाही. फोमवर आधी डोळे उघडे, मग मिटून, काकूंचे हात मागे. घरात रात्रभर मंद दिवा, जिन्याला कठडा. आणि एकट्याने पोहायचं नाही, यावर मी दरडावलंच. पाण्याखाली पायांना जमीन लागत नाही, नजरेला धूसर दिसतं, आणि वर कुठे ते सांगणारा कान नाही. अशी माणसं चक्क खालच्या दिशेने पोहतात.

फाइलवर लाल शाईत लिहून दिलं की या गटातली औषधं पर्याय असेपर्यंत पुन्हा देऊ नयेत.

काही महिन्यांत तक्त्यावरच्या पाच ओळी तीनवर आल्या. लहान मेंदू डोळ्यांच्या उड्या आधीच रचायला शिकतो, मानेच्या स्नायूंचा निरोपही थोडाफार हातभार लावतो. उजेडात ते आता काकूंचा हात न धरता येतात. चालताना पाटी अजून वाचता येत नाही. वाचायची असेल तर थांबतात.

मागच्या भेटीत त्यांनी कानामागे बसवायच्या यंत्राबद्दल विचारलं. कुठेतरी वाचलं होतं. डोक्याची हालचाल मोजणारा सेन्सर आणि नलिकांच्या नसांपर्यंत जाणारे इलेक्ट्रोड, अशी रोपणं काही मोजक्या रुग्णांवर प्रयोगादाखल झाली आहेत. रोजच्या उपचारात ती अजून नाहीत, मी म्हणाले.

"ते ठीक," काका म्हणाले. "पण आत बसवल्यावर बिघडलं तर उघडून दुरुस्त कोण करतं?"