टस्कलूसातली ती इमारत

अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमहून टस्कलूसा गाडीने तासाभरावर. भाची अलाबामा विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकते. तिला भेटायला निघाले होते, पण रस्ताभर डोक्यात ऑथरीन लूसीच होती, या विद्यापीठातली पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी.

१९५६च्या फेब्रुवारीत ती याच दोन शहरांमध्ये ये-जा करायची. तेव्हा हा रुंद हायवे नव्हता. १९५२मध्ये विद्यापीठाने तिला आधी प्रवेश दिला, ती कृष्णवर्णीय आहे हे कळताच नाकारला. मग तीन वर्षं कोर्टकचेरी. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झालेले थरगुड मार्शल तिच्या वकिलांपैकी एक. निकाल तिच्या बाजूने लागला, तरी वसतिगृहात खोली नाही आणि मेसमध्ये जेवण नाही. म्हणून हा रोजचा प्रवास. दहा भावंडांतलं शेंडेफळ, शेतकऱ्याची पोर, वय २६.

भाचीने मला थेट तिच्या कॉलेजच्या इमारतीसमोर नेलं. मी बराच वेळ नुसती दाराकडे बघत उभी राहिले. ६ फेब्रुवारीला, वर्गांच्या तिसऱ्याच दिवशी, अंडी आणि दगड फेकणाऱ्या जमावातून ती या इमारतीत शिरली होती. बाहेर तिच्या जिवावर उठलेली माणसं आणि आत कोंडून घेतलेली ती, कितीतरी तास. शेवटी पोलिसांच्या गाडीत खाली आडवी पडून ती निसटली.

त्याच रात्री विद्यापीठाने तिला निलंबित केलं. कारण काय, तर तिची सुरक्षितता! जमावाला विद्यापीठाचीच फूस आहे असा आरोप तिच्या वकिलांनी केला, तर त्याच कारणावरून तिला कायमचं काढून टाकलं. मला त्या दगडांपेक्षा हा कागद जास्त लागतो. तो रद्द व्हायला १९८८ उजाडलं. ती परत आली आणि १९९२मध्ये एम. ए. झाली. त्याच समारंभात तिच्या लेकीलाही पदवी मिळाली.

इमारतीला नाव होतं गव्हर्नर बिब ग्रेव्हज यांचं, जे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेत होते. २०२२मध्ये विश्वस्तांनी आधी लूसी आणि ग्रेव्हज अशी दोन्ही नावं जोडून द्यायचं ठरवलं. केवढा संताप झाला लोकांचा! मग फक्त ऑथरीनचंच नाव राहिलं. २५ फेब्रुवारीच्या नामकरणाला ती स्वतः हजर होती. पाचच दिवसांनी, २ मार्चला, ती गेली. ९२ वर्षांची होती.

फोटो काढायला मोबाईल हातात घेतला होता, तो तसाच राहिला.

“मावशी, माझं लेक्चर आहे गं,” भाची म्हणाली आणि दार ढकलून आत गेली.