लाँग आयलंडला जाताय? एक दिवस जास्तीचा धरा

अंदमान म्हणलं की सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील आणि परत. टूरवाल्यांचं पॅकेज तिथंच संपतं. आम्ही तिघं, मी, नवरा आणि नणंद, जानेवारीत जेल बघितलं, सावरकरांच्या कोठडीसमोर जरा वेळ गप्प उभे राहिलो आणि दुसऱ्या दिवशी मिडल अंदमानची वाट धरली, ती लाँग आयलंडसाठी.

पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून श्री विजयपुरम, पण स्टँडवर अजून जुनंच नाव ऐकू येतं) पहाटेची रंगतची बस पकडायची. जिरकाटांगला सगळ्या गाड्या थांबवून ताफ्यानेच पुढे सोडतात, कारण तिथून जारवा या आदिवासी जमातीचं राखीव जंगल लागतं. फोटो काढायला, थांबायला, काही खायला द्यायला कायद्याने बंदी आहे, आणि असायलाच हवी. आमच्या मागच्या सीटवरच्या काकांनी तरी मोबाईल काढलाच, मग कंडक्टरने त्यांना असं काही झापलं की रंगत येईपर्यंत ते झोपेचं सोंग घेऊन होते. मिडल स्ट्रेटच्या खाडीला अख्खी बस बार्जवर (म्हणजे गाड्या नेणाऱ्या सपाट बोटीवर) चढते तेव्हा खाली उतरून भजी खाऊन घ्या. रंगतहून रिक्षाने येराटा जेटी आणि तिथून खारफुटीतून बोट. बोटीच्या वेळा बदलत असतात, त्यामुळे नेटवर भरवसा ठेवू नका, रंगतला पोचल्यावर विचारा.

गाव एवढंसंच. जेटी, चारदोन दुकानं, माड, लाकडी घरं आणि मधून पायवाट. दोन दिवसांत एकही कार दिसली नाही. हिंदी सगळ्यांना येतं. कॅश पोर्ट ब्लेअरहूनच न्या, यूपीआयच्या भरवशावर राहाल तर चहाचेही वांधे होतील.

आता लालाजी बे, इथला समुद्रकिनारा. पांढरी वाळू आणि पाणी इतकं नितळ की गुडघाभर पाण्यात उभं राहून नणंदेने स्वतःच्या जोडव्या मोजल्या. तिथं जायला दोन मार्ग, डोंगी (म्हणजे मोटरवाली छोटी होडी) नाहीतर जंगलातून पायी. आम्ही हौसेने पायी निघालो, गावातली दोन कुत्री आपणहून सोबत आली, वाटेत मुळं, चिखल, ओढे, दीड तासाच्या वर गेला. तिथवर छान. चूक अशी झाली की निघालोच दुपारी दीडला, आणि डोक्यात पुण्याचं घड्याळ. अंदमान एवढं पूर्वेला पण वेळ आपलीच, त्यामुळे जानेवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्य गायब, आणि दाट झाडीत त्याच्या बऱ्याच आधी अंधार. परतीची शेवटची पंचवीस मिनिटं एका मोबाईलच्या टॉर्चवर काढली, पुढे कुत्री, मागे आम्ही, नवरा मारुतीस्तोत्र पुटपुटतोय. तेव्हा सकाळी सहालाच निघा (उजेड असतो, खरंच), भरती-ओहोटी गावात विचारून घ्या आणि जमलं तर एका बाजूने डोंगी करा.

वाळूतल्या बारीक माश्या चावताना कळतही नाही, रात्री मात्र पिंडऱ्या पेटतात. नुसत्या वाळूवर बसू नका, पायाला खोबरेल चोपडा, आणि खाजवू नका (हे सांगणं सोपं आहे). मगरीही आहेत या भागात, म्हणून खाडीच्या तोंडाशी किंवा खारफुटीजवळ पाण्यात उतरायचं नाही, गावकरी नको म्हणाले की नको. शंख, पोवळं उचलून आणू नका, एअरपोर्टवर बॅग उघडतात.

आणि परतीचं. आमच्या दिवशी वारा सुटला आणि बोटच रद्द झाली. विमान तिसऱ्या दिवशी होतं म्हणून निभावलं, पण जेटीवर एक जोडपं होतं, त्यांचं दुसऱ्याच दिवशी सकाळचं तिकीट, बाईंचा चेहरा बघवत नव्हता. आम्ही बॅगा उचलून परत खोलीवर गेलो. खोलीवाल्या मावशी म्हणाल्या, "मुझे मालूम था," आणि खरंच आमच्या वाटणीचा भात टाकलेला होता.