मांजरपाटाचा पडदा

दुपारी अडीचनंतर आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट पानावर येतं. परवा एका हाताने डोळे झाकून दुसऱ्या हाताने आमटीभात जेवले आणि ठरवलं, बास, पडदा शिवायचाच. साधा नाही हं, दोरी ओढली की घड्या पडत वर जाणारा.

मांजरपाट आणला, रात्रभर बादलीत भिजत टाकला, कारण न भिजवता शिवलेल्या पडद्याची पहिल्याच धुण्यात हाफपँट होते. खिडकी 48 इंच, कापडाचा पन्हा 44. आता आली का पंचाईत! जोड मधोमध दिला तर उन्हात त्याची काळी रेघ दिसते, म्हणून दोन्ही कडांना पट्ट्या लावल्या. मला तर हल्ली रत्नागिरीत थिबा राजवाड्यावरून जाताना त्या अर्धगोल खिडक्या बघूनही हेच सुचतं, 1910 मध्ये राजवाडा बांधला तेव्हा यांना कुणी पडदे शिवले असतील का आणि वरची गोलाई कापताना किती कापड फुकट गेलं असेल.

आमच्या लहानपणी घरात पडदे नव्हतेच. मे संपत आला की आजोबा चुडताची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, झापं विणून पडवीला बांधायचे, मग सगळा पावसाळा घरालाच पडदा. दिवसाढवळ्या बल्ब लावून आई मशीनवर बसायची आणि मी मागे कापडाचं टोक धरून उभी. "ओढू नको गो, आणि सोडू पण नको." हे नेमकं किती धरायचं ते मला कधीच जमलं नाही, टीप वाकडी गेली की धपाटा मात्र मलाच. झापांच्या फटीतून बारीक तुषार आत यायचे, कापड दमट लागायचं, आणि तेलाचा वास.

तर पडदा. मागून दुमडीत सळ्या घालायच्या असतात, मी मागच्या खेपेला लोखंडी घातल्या होत्या, खाऱ्या हवेने एका पावसात पांढऱ्या कापडावर तांबड्या आडव्या रेघा, लिंबू-मीठ चोळून चोळून बोटं चुरचुरली तरी गेल्या नाहीत. या वेळी बांबूच्या कामट्या, तासून गुळगुळीत केलेल्या. दोरी ओवायला छोट्या रिंगा हाताने टाचल्या, एका ओळीत पाच, अशा तीन ओळी. एक रिंग अर्धा इंच सरकलीय, त्यामुळे वर जाताना पडदा डावीकडे जरा लंगडतो, पण ते मी सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही, आणि मी सगळ्यांना सांगते.

काल पहिल्यांदा पूर्ण खाली सोडला. छान गार अंधार, जेवून जरा आडवी झाले. दहा मिनिटांत शेजारच्या काकी खिडकीशी.

"काय गो, खिडकी झाकून? बरं नाहीये का तुला?"

उठून दोरी ओढली. त्या गजांना धरून तासभर बोलत उभ्या होत्या, ऊन माझ्या डोळ्यांवर.