भारत आणि ब्राझील : शिक्षणावरचा खर्च जुळवताना

एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी मी भारत आणि ब्राझील यांचा शिक्षणावरचा सरकारी खर्च हा विषय घेतला. तुलना फिनलंडशी का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. पण फिनलंडची लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. ब्राझील आपल्यासारखंच मोठं संघराज्य आहे; २६ राज्यं, साडेपाच हजारांहून जास्त पालिका, आणि बहुतेक सरकारी शाळा या दोघांच्याच हातात.

पहिला तक्ता मी एका रात्रीत केला आणि तो साफ चुकला. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातले शिक्षण मंत्रालयाचे १ लाख १२ हजार ८९९ कोटी घेतले, जीडीपीने भागले. उत्तर आलं अर्ध्या टक्क्याच्याही खाली. मार्गदर्शक सरांनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "मॅडम, तुमचा पगार दिल्लीहून होतो का?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. देशभरातल्या शिक्षकांच्या पगाराचा मोठा भाग असाच राज्यांच्या खर्चात असतो, आणि मी तो सगळा वगळला होता.

मग राज्यांसकट आकडे शोधले, तर भारताचेच दोन निघाले. २०२२-२३ च्या आर्थिक पाहणी अहवालात जीडीपीच्या २.९ टक्के. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, २०१७-१८ च्या विश्लेषणाचा हवाला देऊन, ४.४३ टक्के. वर्षं वेगळी होती, पण त्याने एवढी तफावत पडत नाही. ४.४३ मध्ये शिक्षण विभागांखेरीज इतर विभागांनी शिक्षणावर केलेला खर्चही धरलाय. आपल्याकडच्या शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभाग चालवतो, हे मला माहीत होतं. पण तो खर्च एका आकड्यात बसतो आणि दुसऱ्यातून सुटू शकतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते ब्राझीलच्या कागदांत. सगळं पोर्तुगीजमध्ये. मोबाइलवर भाषांतर लावून एकेक रकाना वाचला. तिथे खर्चाचे तीन टप्पे लिहितात : 'एम्पेन्यादो', म्हणजे रक्कम बांधून ठेवली, 'लिकिदादो', म्हणजे काम किंवा माल मिळाल्याची खात्री झाली, आणि 'पागो', म्हणजे पैसे दिले. आपल्याकडे अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. मी आपला अंदाज त्यांच्या 'पागो'शेजारी मांडून बसले होते. तो रकाना पुसून पुन्हा भरला. निवृत्तिवेतनाचाही घोळ होताच. आपल्याकडे ते मुख्यतः सरकारी हिशेबातल्या २०७१ क्रमांकाच्या लेखाशीर्षाखाली जातं, शिक्षणाच्या २२०२ क्रमांकाच्या शीर्षाखाली नाही. ब्राझीलमध्ये शिक्षणासाठी राखलेल्या पैशातून निवृत्तिवेतन देता येणार नाही, ही तरतूद २०२० च्या घटनादुरुस्तीने आली. म्हणून त्याआधीची वर्षं मी वेगळी ठेवली.

हे सगळं जुळवूनही टक्का पुरेना. ब्राझीलचं दरडोई उत्पन्न, किमतींचा फरक धरूनही, आपल्या साधारण दुप्पट आहे. आपल्याकडे लोकसंख्येच्या जवळपास चौथा हिस्सा १५ वर्षांखालचा, तिथे पाचवा. म्हणजे टक्का अगदी सारखा असता, तरी तिथल्या एका मुलाच्या वाट्याला आपल्या मुलापेक्षा दुपटीहून जास्त पैसा आला असता. मुलामागे खर्चाचा रकाना मी अगदी शेवटी घातला. तो पहिलाच असायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

लिहिताना मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं ते त्यांच्या राज्यघटनेतल्या २१२ व्या कलमाने. केंद्राने करांच्या उत्पन्नातला किमान १८ टक्के आणि राज्यं-पालिकांनी किमान २५ टक्के वाटा शिक्षणावर खर्च करायचाच, असं त्यात लिहिलंय. आपल्याकडे कोठारी शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के सांगितले. तेच १९६८ च्या धोरणात आले, १९८६ च्या धोरणात आले, २०२० च्या धोरणातही आले. आपल्या घटनेत असा आकडा कुठेच नाही.

तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, "मग जास्त खर्च कोण करतं?" मी म्हटलं, ब्राझील, आणि मुलामागे खर्चाचा तक्ता पुढे केला. परीक्षक बराच वेळ त्याच पानावर होते. नंतर त्यांनी शाळेच्या किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या पैशाबद्दल विचारलं, "तुमच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान किती येतं?"

आमचा पट ६४. मी सांगितलं, २५ हजार.